कुलूपगुरू

सोमवार, ४ मार्च

टाचणे,

सगळ्यात आधी आली ती वरची. ती आधी येणारच, तिचा जिना संपतो तिथे माझं दार. हातात वर्तमानपत्र, दोन पायांत दोन वेगळ्या चपला, आणि अर्ध्या जिन्यावरूनच आरडाओरडा, "मावशी, कुलगुरू! कुलगुरू!" मला आपलं ऐकू आलं कुलूप. तिचं कुलूप सारखं अडतं. मी म्हटलं, "अगं, तेल घाल की थोडं, बोंबलतेस कशाला?" तर म्हणते, "अहो कुलूप नव्हे, तुमची टाचणी!" आता हिने कुलपात टाचणी घातली की काय, म्हणून मी आणखीच घाबरले.

मग खालचे मास्तर आले. नोकरी संपली तरी त्यांचं शिकवणं संपत नाही. मला समोर बसवून म्हणाले, "आजीबाई, कुलगुरू म्हणजे अख्ख्या विद्यापीठाचा मुख्य माणूस." मी म्हटलं, "मास्तर, मुख्य बाई म्हणा." त्यावर त्यांनी जरा विचार केला आणि चहा मागितला. मग इस्त्रीवाली आली, तिच्या मागे तिच्या दोघी सुना. कप पुरेनात. वरचीने तिचे आणले, त्यातला एक माझाच निघाला, मागे कधीतरी नेलेला. एरवी सोडलं नसतं, पण आज म्हटलं जाऊ दे.

सगळ्या तुझं कौतुक करत होत्या आणि मला आपली टेबलाखालची तू दिसत होतीस. तुझी आई कामावर जाताना तुला माझ्याकडे टाकून जायची आणि मी तुझ्या हातात लोहचुंबक द्यायचे. पडलेल्या टाचण्या गोळा कर म्हटलं की दिवसभर टेबलाखाली. बायका पडद्याआड मापाला यायच्या. माझ्या तोंडात टाचण्या, मी नुसती हं हं करायचे, आणि त्या सासू, शेजारीण, महागाई सगळं बोलून घ्यायच्या. खरं काय ते मात्र जाताना, दाराशी, चपला घालता घालता. अशीच एक बाई दारात म्हणाली, "किती दिवस झाले, सारखं अंगावरून जातंय." तर टेबलाखालून आवाज, "मग डॉक्टरकडे का नाही गेलात?" बाई किंचाळली ती थेट रस्त्यावर. तिचा झगा न्यायला पुढे नवरा आला.

आणि हो, बातमी मी स्वतः वाचली. तुला ठाऊकच आहे, मी वाचायला शिकले ती कागदी मापांवर. जुन्या वर्तमानपत्राची बाही कापायची आणि तिच्यावर येईल तेवढं वाचायचं. त्यामुळे जगातली कुठलीच बातमी मला काखेच्या पुढे माहीत नाही. ही पहिलीच, जी चौकोनी कागदावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. गुरू झालीस, कुळाची का कुलपाची ते तुझं तू बघ.

आजी

ता. क. मशीनवर सध्या बसत नाही, झाकून ठेवलंय. काही नाही, उगीच आपलं.


शनिवार, ९ मार्च

आजी,

वर्तमानपत्रवाल्यांना सगळं माझ्याआधी कळतं. मला विचारलंय, हे खरं. मी अजून हो म्हटलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत सांगायचं आहे. वरचीला बोलू नकोस, कप परत घेऊन जाईल.

खरं सांगू का, मन होत नाही. माझं पहिलं काम आठवतं ना? वस्तीवस्तीतून हिंडत होते, घरोघरी विचारत होते, काही त्रास आहे का? सगळ्या म्हणायच्या, छे, काही नाही. आमचे सर खूश. "इथल्या बायका धडधाकट आहेत, लिहून टाक आणि मोकळी हो." एके दिवशी वही मिटून दारात चपला घालत होते, तर घरातली बाई हसून म्हणाली, "त्रास कसला, अंगावर काढते झालं." मला एकदम तुझा पडदा आठवला. तुझ्याकडच्या बायकाही सगळं खरं दारातच सांगायच्या. मी तिथेच उंबऱ्यावर बसकण मारली. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलला, "काय काय अंगावर काढता?" मग वह्या पुरेनात. लोक म्हणतात माझं संशोधन मोठं. आजी, ते सगळं संशोधन म्हणजे हा एक प्रश्न आणि दारात रेंगाळणं. कुलगुरूच्या दारात कोण रेंगाळणार? फायली.

विद्यापीठात भेटायला गेले तेव्हा एक गंमत झाली. गंमत कसली! मोठ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. किल्ली कुणाकडे? शिपायाकडे. शिपाई कुठे? जेवायला. तिथल्या कारकून बाई म्हणाल्या, "आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही मॅडम, सवय झालीय." तू ऐकलंस ते कुलूप काही अगदीच खोटं नव्हतं.

हो म्हटलंच, तर त्यांचा समारंभाचा झगा घालावा लागेल. आजवरचे सगळे पुरुष, तेही ताडमाड. मी घालून पाहिला, मागून झाडू मारत येतो. तुझ्याशिवाय कुणाच्या हाती देऊ? मशीन उजेड कमी पडतो म्हणून झाकलंस ना? त्याला लावायचा दिवा पाठवतेय.

तुझी टाचणी

ता. क. आई विचारते, फोन का उचलत नाहीस?


शुक्रवार, १५ मार्च

टाचणे,

दिवा पोचला. लावून बघितला, तर समोरच्या घरातला माणूस खिडकीत येऊन विचारतो, "आजी, कुणाचं ऑपरेशन आहे का?" मास्तर म्हणाले, या उजेडात त्यांना त्यांचं लहानपणसुद्धा दिसलं. आता तो त्यांनीच वाचायला नेलाय. तुझ्या आईला सांग, फोनवर ती 'जेवलीस का' विचारते आणि मी 'हो' म्हणते, त्यासाठी एवढं यंत्र कशाला? पत्रात कसं, माणूस बोलता बोलता भलतीकडे जातं आणि कुणी अडवत नाही.

आता तुझं. नाही कशाला म्हणतेस गं? टेबलाखाली बसून तू ऐकलंस ते माझ्याकडे आल्या त्या बायकांचं. ज्या पाणी पीत नाहीत त्यांचं कोण ऐकणार, शिपाई? फायली दारात आल्या तर येऊ देत. त्या काय टेबलाखाली लपणार आहेत?

तुझा पहिला पांढरा कोट मी शिवला होता, आठवतो? कॉलेजात सगळ्यांचे विकतचे, तुझा घरचा. खिसे झाले होते तरी तू आणखी एक मागितलास, आतून. कशाला म्हटलं, तर म्हणालीस चुंबकासाठी. एवढी घोडी झाली, डॉक्टर व्हायला निघाली, आणि चुंबक सुटला नव्हता! त्या रात्री तो कोट घालूनच झोपलीस. सकाळी इस्त्री पुन्हा केली आणि तुझ्या आईला कळू दिलं नाही.

झग्याचं मात्र तिकडेच बघ हो. चांगला शिंपी गाठ, खालची दुमड रुंद घ्यायला सांग, नाहीतर घेर उडतो. आणि समारंभाला मी काही येत नाही. एवढा वेळ खुर्चीत बसायचं, एवढी मोठी इमारत. वरचीचा टीव्ही भिंतीएवढा आहे, त्यात तू माझ्यापेक्षा मोठी दिसशील.

आडवी पडून लिहितेय, म्हणून ओळी उताराला लागल्यात. समजून घे.

आजी

ता. क. मशीन वरचीला देऊन टाकलं. बसलं की मेलं खुडूक कोंबडीसारखं वाटतं, अंड्यावर बसल्यासारखं. तू हसशील म्हणून लिहिलं. वय झालं, आता थोडं अंगावर काढायचं.


मंगळवार, १९ मार्च

आजी,

मी हसले नाही.

तुझी तिन्ही पत्रं पुन्हा काढून वाचली, म्हणजे ही दोन आणि मागच्या वर्षीचं एक. बायका खरं दारात सांगतात, हे मी जगभर सांगत हिंडले. पत्राचं दार म्हणजे ता. क., हे माझ्या डोक्यात आलं नाही. मशीन झाकलंय, उगीच आपलं. मशीन दिलं. कोंबडीसारखं वाटतं. आणि मी काय केलं, तर दिवा पाठवला!

अंड्यावर बसल्यासारखं. आजी, हे वाक्य मी किती बायकांच्या तोंडून ऐकलंय. कुणी चेंडू म्हणतं, कुणी लिंबू म्हणतं. लिहून घेताना माझा हात थांबतसुद्धा नाही इतकं ओळखीचं. तुझ्या अक्षरात ते ओळखायला मला चार दिवस लागले.

ज्या माणसाने झग्याला नाही म्हटलं ते माझ्या ओळखीचं नाही. तू आजारी असतानासुद्धा दुसऱ्यांच्या पोरींचे कपडे शिवलेस.

मी परक्या बायकांना विचारते तसंच विचारते. वही मिटली आहे, चपला घातल्या आहेत, दारात उभी आहे.

आजी, काय अंगावर काढतेस?

टाचणी


शनिवार, २३ मार्च

टाचणे,

दारात उभी राहिलीस तर आता आत ये आणि बस.

पत्र वाचून मी आधी चिडले. म्हटलं, ही कोण मला विचारणारी, हिचं नाक मी पुसलंय. मग चहा केला. तो तसाच ठेवून पुन्हा वाचलं. मग कळलं, मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. तुझ्या आजोबांनी नाही, तुझ्या आईने नाही. मी तरी माझ्या आईला कुठे विचारलं?

तर ऐक. अंग खाली येतं, पिशवी सरकलीय. तुझ्या मामाच्या बाळंतपणापासून थोडं थोडं होतंच. तेव्हा संध्याकाळी जड वाटायचं, एवढंच. आता पायडल मारलं की बाहेरच येतं. रात्री आडवं झालं की शहाण्या पोरासारखं आपलं आत जातं. म्हणून आडवी पडून लिहिते. दुखत नाही गं, खरंच. ओढल्यासारखं होतं. आणि सारखं उठून जावं लागतं, दम निघत नाही.

आता तुला समारंभाचं खरं सांगते. तुझं ते कुलपाचं वाचलं आणि त्याच मिनिटाला मी ठरवलं, आपण नाही जायचं. तू वर व्यासपीठावर, आणि कुलगुरूची आजी शिपायाच्या मागे किल्ली मागत फिरतेय! आणि वेळेवर नाहीच मिळाली तर? सगळ्यांसमोर? नको गं बाई. तुझ्या एवढ्या मोठ्या दिवसाला माझ्यामुळे डाग नको.

आणि एक गंमत सांगते. तू टीव्हीवर बोलायचीस ना, "बायका सांगत नाहीत, सहन करत राहतात," तेव्हा मी इथे मान हलवायचे. वरचीला कोपराने ढोसायचे, "अगदी बरोबर बोलते हो माझी टाचणी!" त्या बायकांत मीही आहे, हे शप्पथ एकदाही डोक्यात आलं नाही. मला वाटायचं तू दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेस. वरची पण म्हणायची, "बिचाऱ्या बायका!" दोघी मिळून हळहळायचो आणि वर चहा प्यायचो.

सांगितलं बाई. हलकं वाटलं म्हणावं, तर भीतीच जास्त वाटतेय. कापाकापी करायला लागते का गं?

आजी

ता. क. या वेळी इथे काही नाही. सगळं वरच लिहिलंय.


बुधवार, २७ मार्च

आजी,

बहुतेक कापाकापी लागणार नाही. आधी बघू दे. शनिवारी मी येतेय. तुझ्याकडच्या दवाखान्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, हात अगदी हलका. तीच तपासेल. मी पडद्याबाहेर बसेन. तुला लाज वाटू नये म्हणून नाही, मला रडू येऊ नये म्हणून.

आज सकाळी त्यांना हो कळवलं. त्यांनी विचारलं, काही अटी? मी म्हटलं, एकच आहे, ती रुजू झाल्यावर सांगते.

समारंभाला तू पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसणार. किल्ली मागावी लागणार नाही, ते माझ्याकडे लागलं. झगा घेऊन येतेय. मशीन परत आणून ठेव.

टाचणी


सोमवार, १५ एप्रिल

टाचणे,

तू गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी मी मशीन आणायला वर गेले. जिना चढून! वरची म्हणते, "मावशी, दिलेलं कुणी परत घेतं का?" मी म्हटलं, "माझा कप घेतला नाही, म्हणून मशीन घेते." तिचा नवरा उचलून देताना गालात हसत होता. त्या मशीनने तिच्याकडे एक टाका घातला नव्हता, त्यावर कपड्यांचा ढीग होता.

खाली आल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला झालं होतं तरी काय?" मी सांगितलं सरळ. म्हटलं, अंग खाली यायचं, डॉक्टरीणबाईने मऊ रबराचं कडं बसवलं, झालं. तुझ्या आजोबांनी जन्मात अंगठी घातली नाही हो माझ्या बोटात. ती या वयात डॉक्टरीणबाईने दिली, आणि तीही अशी की चारचौघांत दाखवायची सोय नाही! वरची एवढी हसली, एवढी हसली, आणि मग एकदम म्हणाली, "मला मेलीला काही होत नाही बाई, मी दगड पचवते." बस म्हटलं तर बसली नाही. उभ्याउभ्याच चहा प्यायली आणि गेली.

झगा झाला. दुमड मीच घेतली, हाताने. कापड भारी आहे पण शिवणारा आळशी होता, आतून सगळे धागे सुटलेले. बाहेरून बघणाऱ्याला काय कळतंय? खांदेही थोडे आत घेतले. आता तो तुझा झालाय, पुढचा कुणी ताडमाड आला तर त्याने त्याचा शिवून घ्यावा.

किती दिवसांनी पायडल मारलं गं! आवाज ऐकून मास्तर दिवा परत घेऊन आले, आपणहून. म्हणाले, "आजीबाई, हा आवाज बंद झाला तेव्हापासून दुपारची झोप लागत नव्हती." मी दिवा लावला, दाराचा पडदा ओढला आणि टाचण्यांची डबी उघडली. मुद्दाम एक खाली पडू दिली. कुणी उचलली नाही. मग माझी मीच वाकले आणि उचलली. वाकता आलं!

आतल्या बाजूला एक खिसा लावलाय. चुंबकासाठी नाही, किल्लीसाठी.

आजी


शुक्रवार, ३ मे

आजी,

तू सगळा वेळ बसलीस. लोक माझं भाषण कसं झालं ते सांगतात, मला त्यातलं काही आठवत नाही. मी पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे बघत होते. मधे एकदा तू उठलीस आणि माझं वाक्य तुटलं. मग तू परत आलीस, पदार्थविज्ञानाच्या दोन प्राध्यापक बाईंना बरोबर घेऊन, तिघी हसत. तेव्हा वाक्य पुरं केलं.

त्या दिवशी सकाळी, समारंभाआधी झगा घालून पोचले, तर सगळे पुष्पगुच्छ घेऊन दारात उभे होते. मी म्हटलं, आधी वर जाऊ. शिपाईमामांकडून किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि दोन्ही झग्याच्या आतल्या खिशात टाकली. मामा गोंधळले. "मॅडम, मग कुलूप कुठे लावायचं?" मी म्हटलं, कुठेच नाही. कुलसचिव म्हणाले, "पण मॅडम, तिथून साबण चोरीला जातो." मी म्हटलं, जाऊ द्या, साबण चोरणारा निदान हात तरी धुतो.

दुपारी त्या कारकून बाई फाईल घेऊन आल्या. सही झाली तरी जाईनात. दारात उभ्या राहिल्या, दाराच्या मुठीवर हात. आजी, मी पेन खाली ठेवलं. फायली दारात रेंगाळत नाहीत, पण त्या आणणाऱ्या बायका रेंगाळतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टी मिळाली की येते. कुलूप तुला आणून देते, पहिल्याच दिवशी तुला तेच ऐकू आलं होतं.

तुझी कुलूपगुरू


सोमवार, २० मे

टाचणे,

तू काल निघालीस आणि तुझी गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच सगळ्यात आधी आली ती इस्त्रीवाली. म्हणजे या वेळी वरचीचा नंबर हुकला! इस्त्रीवाली म्हणाली, तुझ्याशी बोलून तिच्या धाकट्या सुनेला रात्री शांत झोप लागली. काय बोललीस ते मी विचारलं नाही, पडद्याआडचं पडद्याआड. मग मास्तर आले, कुलूप बघायला. टेबलावर ठेवलंय मी, कापड उडू नये म्हणून वजनाला. चांगलं जड आहे. मास्तर म्हणाले, हे इतिहासात जाईल. मी म्हटलं, आधी बाह्या कापून होऊ देत.

तू आलीस त्या दिवशी त्या टेबलाशी बसलीस, तेव्हा मला कसंसंच झालं. केस पांढरे झालेत तुझे, कानामागे. बायका येत होत्या, तू त्यांचं ऐकत होतीस, आणि तुझा हात आपला टेबलाखाली चाचपत होता. काय शोधतेस म्हटलं, तर म्हणालीस, "काही नाही, सवय." चुंबक दोऱ्यांच्या डब्यात आहे गं. मी टाकला नाही कधीच.

मी इस्त्रीवालीला आणि तिच्या सुनांना सांगून ठेवलंय, डॉक्टरीणबाई माझं कडं बघायला गुरुवारी इथेच येणार आहेत, कुणाला काही विचारायचं असेल तर या. त्या तिघी येतो म्हणाल्या.

वरची सगळ्यांत शेवटी आली, दिवेलागणीला. मशीनचं बोलली, नवऱ्याचं बोलली, टीव्ही बिघडलाय ते बोलली. माझा तो कप परत घेऊन आली होती, धुऊन पुसून. बस म्हटलं तर बसली नाही. निघाली, दारात गेली, एक चप्पल घातली, दुसरी घालेना. तिथूनच पाठमोरी म्हणाली, "मावशी, ते तुमचं कडं, टोचतं का हो?" मी म्हटलं, अजिबात नाही, आहे हेसुद्धा कळत नाही. "नाही, म्हणजे माझ्या जावेसाठी विचारत होते," म्हणाली. "तिला बरेच दिवस त्रास आहे. दगड पचवते म्हणते, पण आहे."

टाचणे, हिचा नवरा एकुलता एक. जाऊ आणणार कुठून? पण मी तोंडात टाचण्या असल्यासारखी नुसती हं म्हटलं. म्हटलं, घेऊन ये जावेला, दोघींचा चहा टाकते.

गुरुवारी येते म्हणाली.

आजी